मर्थर टाउन फुटबॉल क्लब (1908–1934): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका कोणता क्लब? आजही मर्थर टाउन नावाचा संघ खेळतो, तो हाच का?

नाही. येथे ज्या क्लबची माहिती दिली आहे तो दक्षिण वेल्समधील मर्थर टिडफिल या शहरात 1908 साली स्थापन झाला, 1920 ते 1930 अशी दहा वर्षे इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे तेथल्या वरिष्ठ व्यावसायिक साखळी स्पर्धेत, खेळला आणि 1934 साली बंद पडला. आज त्याच नावाने खेळणारा क्लब 2010 साली उभा राहिला. दोघांचे शहर एक आहे, मैदानही एकच आहे, पण संस्था म्हणून ते वेगळे आहेत. या दोघांच्या मध्ये 1945 ते 2010 या काळात ‘मर्थर टिडफिल’ या नावाचा तिसराही एक क्लब होऊन गेला आणि त्याच्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. जुन्या क्लबचे विक्रम आणि पराभव नव्या क्लबच्या नावावर मांडलेले पुष्कळ ठिकाणी दिसतात, म्हणून ही फोड सुरुवातीलाच करणे आवश्यक वाटते.

त्या काळी मर्थर टिडफिल हे शहर कसे होते?

हे समजून घेतल्याशिवाय क्लबचा इतिहास समजत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डाउलाइस, सायफार्थफा, प्लिमथ आणि पेनीडॅरन असे चार मोठे लोखंडाचे कारखाने येथे उभे राहिले आणि 1801 च्या जनगणनेत मर्थर हे वेल्समधील सर्वांत मोठे शहर ठरले. रिचर्ड ट्रेव्हिथिकचे वाफेचे इंजिन 1804 साली लोखंडाचा भार रुळांवरून ओढत निघाले ते याच पेनीडॅरन कारखान्यातून. 1831 साली येथे कामगारांचा मोठा उठाव झाला आणि त्यात डिक पेंडेरिन या कामगाराला फाशी देण्यात आले. वेल्सच्या कामगार चळवळीत त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. 1900 पासून 1915 मध्ये मृत्यू येईपर्यंत कामगार नेते केअर हार्डी हे या मतदारसंघाचे खासदार होते.

1908 साली मर्थरला स्वतंत्र काउंटी बरोचा, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या शहराचा, दर्जा मिळाला. क्लबची स्थापनाही त्याच वर्षीची. लोकसंख्या तेव्हा ऐंशी हजारांच्या आसपास होती, कोळशाला जगभर मागणी होती, आणि आपल्या शहराचा एक मोठा व्यावसायिक फुटबॉल संघ असावा असे नागरिकांना वाटणे स्वाभाविक होते. मात्र ज्या लोखंडावर शहर उभे राहिले होते तो पाया आतून पोकळ होऊ लागला होता: सायफार्थफाचा कारखाना 1910 मध्ये बंद पडला, पहिल्या महायुद्धाच्या गरजेपुरता पुन्हा पेटला आणि युद्धानंतर कायमचा विझला.

दक्षिण वेल्स तर रग्बीचा प्रदेश. तेथे फुटबॉल क्लब कसा रुजला?

रग्बीचा पगडा जबरदस्त होता यात शंका नाही. डिसेंबर 1905 मध्ये वेल्सने कार्डिफ येथे न्यूझीलंडच्या संघाला 3–0 असे हरवले तेव्हा त्या खेळाला जवळजवळ राष्ट्रीय खेळाचे स्थान मिळाले होते. वेल्समधील फुटबॉलचे मूळ घर उत्तरेला होते. वेल्सची फुटबॉल संघटना 1876 साली रेक्समला स्थापन झाली, वेल्श कप स्पर्धा 1877–78 च्या हंगामात सुरू झाली आणि पुढची अनेक वर्षे तो कप उत्तरेकडच्या आणि सीमेलगतच्या संघांकडेच राहिला. दक्षिणेतल्या संघाने तो प्रथम जिंकला 1912 साली, आणि तो संघ होता कार्डिफ सिटी.

परंतु कोळशाच्या खोऱ्यांमध्ये कामासाठी इंग्लंड, आयर्लंड आणि अगदी स्पेनपासून माणसे येत होती, आणि इंग्लंडमधून आलेल्या कामगारांनी फुटबॉलची आवड सोबत आणली. मर्थरमध्ये 1907 ते 1911 या काळात नॉर्दर्न युनियनचा, म्हणजे आजच्या भाषेत रग्बी लीगचा, व्यावसायिक संघही होता. पैसे देऊन सामना पाहणारा प्रेक्षक तेथे आहे आणि तो कोणत्या एका खेळाशी बांधलेला नाही, हे त्यावरून दिसत होते. मर्थर टाउन 1909 मध्ये सदर्न लीग या फुटबॉल लीगबाहेरच्या, दक्षिणेकडच्या संघांच्या स्पर्धेच्या दुसऱ्या विभागात उतरला आणि पुढच्या काही वर्षांत त्या विभागात ॲबरडेअर, टॉन पेंत्र, कार्डिफ सिटी, पाँटीप्रिड, स्वानसी टाउन, न्यूपोर्ट काउंटी, लानेली अशा वेल्श संघांची रीघ लागली. दक्षिण वेल्समध्ये व्यावसायिक फुटबॉलची लाट आली ती या पाच-सहा वर्षांत, आणि मर्थर त्या लाटेच्या अग्रभागी होता.

क्लबचे मैदान कोठे होते?

पेनीडॅरन पार्क येथे. पेनीडॅरन कारखान्याच्या मालकाची हवेली जेथे होती त्याच आवाराचा हा भाग, आणि त्याच्या मातीखाली रोमन काळातील एका किल्ल्याचे अवशेष आहेत, असे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला झालेल्या खोदकामात आढळले. रोमन सैन्याची छावणी, लोहउद्योगपतीची हवेली आणि कामगारांचे फुटबॉल मैदान अशा तीन अवस्था एकाच जागेने पाहिल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

वेल्समधला संघ इंग्लंडच्या लीगमध्ये का खेळत होता?

वेल्सला तेव्हा स्वतःची राष्ट्रीय लीगच नव्हती. ती 1992 साली सुरू झाली. शिवाय देशाची भौगोलिक रचना अशी की दक्षिणेकडून उत्तरेकडे जाण्यापेक्षा पूर्वेला ब्रिस्टल किंवा लंडनकडे जाणे रेल्वेने अधिक सोपे होते. मर्थरच्या दृष्टीने रेक्समपेक्षा इंग्लंडच जवळ होता.

फुटबॉल लीगमध्ये प्रवेश कसा मिळाला?

मर्थर टाउनने 1911–12 च्या हंगामात सदर्न लीगच्या दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवले. पोर्ट्समथ दुसऱ्या क्रमांकावर होता. बढती मिळून संघ पहिल्या विभागात गेला, 1914 मध्ये पुन्हा खाली आला, आणि मग युद्धामुळे सगळेच थांबले. युद्धानंतर सदर्न लीगने पहिल्या विभागाचा विस्तार केला तेव्हा मर्थरला तेथे पुन्हा जागा मिळाली.

ही जागा मिळण्याची वेळ फार महत्त्वाची ठरली. 1920 मध्ये फुटबॉल लीगने तिसरा विभाग सुरू करण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठी सदर्न लीगचा पहिला विभाग जवळजवळ जसाच्या तसा उचलला. केवळ कार्डिफ सिटीला थेट दुसऱ्या विभागात घेण्यात आले आणि रिकाम्या जागेवर ग्रिम्सबी टाउन आला. म्हणजे मर्थर, न्यूपोर्ट आणि स्वानसी हे तीन वेल्श संघ एका ठरावानिशी लीगचे सदस्य झाले. 28 ऑगस्ट 1920 रोजी मर्थरने आपला पहिला लीग सामना घरच्या मैदानावर क्रिस्टल पॅलेसविरुद्ध खेळला आणि 2–1 असा जिंकला. त्या हंगामाच्या शेवटी विजेता ठरला तो हाच क्रिस्टल पॅलेस.

सुरुवातीची वर्षे कशी गेली?

चांगली गेली, आणि हे ठासून सांगायला हवे, कारण नंतरच्या दुर्दशेमुळे या वर्षांकडे दुर्लक्ष होते. पहिल्याच हंगामात 22 संघांमध्ये मर्थर आठवा आला. 1921 मध्ये तिसऱ्या विभागाचे दक्षिण आणि उत्तर असे दोन भाग झाले, तेव्हा दक्षिण भागात ॲबरडेअर ॲथलेटिक आणि उत्तर भागात रेक्सम यांचा प्रवेश झाला. त्याच वर्षी कार्डिफ सिटी पहिल्या विभागात पोहोचला होता. अशा रीतीने फुटबॉल लीगमध्ये एकाच वेळी सहा वेल्श संघ खेळू लागले आणि त्यांतले पाच दक्षिणेचे होते.

27 डिसेंबर 1921 रोजी मिलवॉलविरुद्धचा सामना पाहण्यासाठी पेनीडॅरन पार्कवर 21,686 प्रेक्षक जमले. ऐंशी हजारांच्या शहरासाठी हा आकडा लहान नाही. 1924 मध्ये संघ वेल्श कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. रेक्समविरुद्धचा सामना 2–2 असा बरोबरीत सुटला आणि फेरसामन्यात मर्थर 0–1 असा हरला.

परगावी सलग 61 सामने न जिंकण्याचा विक्रम खरा आहे का?

खरा आहे. सप्टेंबर 1922 ते सप्टेंबर 1925 या काळात मर्थर टाउनने परगावी खेळलेल्या सलग 61 लीग सामन्यांपैकी एकही जिंकला नाही. आज क्लबचे नाव कोठे आलेच तर ते बहुधा या एका आकड्यापुरतेच येते, आणि ते मला अन्यायाचे वाटते.

या आकड्याची दुसरी बाजू अशी की त्या तीन वर्षांत संघाने लीगमध्ये जे काही विजय मिळवले ते सगळे घरच्या प्रेक्षकांसमोर मिळवले, आणि तेवढ्यावर तो लीगमध्ये टिकून राहिला. तिसऱ्या विभागाच्या दक्षिण भागात नॉरिच, ब्रायटन, साउथेंड, प्लिमथ असे एकमेकांपासून दूरवर विखुरलेले संघ होते आणि मर्थर त्या नकाशाच्या अगदी कडेला, डोंगरातल्या खोऱ्याच्या टोकाशी होता. लांबच्या रेल्वेप्रवासानंतर, मोजक्या खेळाडूंनिशी, राखीव फळीचा आधार नसताना खेळणे त्यांच्या वाट्याला येत होते. विक्रम म्हणून हा आकडा नोंदवावाच, पण त्यामागचे कष्टही नोंदवावेत.

क्लबची घसरण नेमकी कशामुळे झाली?

मैदानावरच्या कारणांपेक्षा मैदानाबाहेरची कारणे मोठी होती. त्या काळच्या तिसऱ्या विभागातील क्लबचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः प्रवेशद्वारावर जमा होणारे तिकिटाचे पैसे. हे पैसे देणारा माणूस खाणीत किंवा पोलादाच्या कारखान्यात काम करणारा होता. त्याची मजुरी थांबली की क्लबचे उत्पन्न थांबत असे, आणि दोन्हींच्या मध्ये दुसरा कोणताही आधार नव्हता.

ही मजुरी 1920 च्या दशकात पुन्हा पुन्हा थांबली. 1921 मध्ये खाणमालकांनी टाळेबंदी केली. युद्धानंतर ब्रिटिश कोळशाच्या परदेशी बाजारपेठा आक्रसत गेल्या. 1925 मध्ये ब्रिटनने पौंड पुन्हा सुवर्णमानाला, म्हणजे सोन्याच्या ठरावीक मूल्याला, बांधल्यावर निर्यातीचा कोळसा आणखी महाग झाला, आणि दक्षिण वेल्सची खोरी तर निर्यातीवरच जगत होती. मालकांनी मजुरी कमी करून कामाचे तास वाढवण्याचा आग्रह धरला, त्यातून मे 1926 चा सार्वत्रिक संप झाला. तो संप नऊ दिवसांत मागे घेतला गेला, पण खाणकामगारांची टाळेबंदी वर्षाच्या अखेरीपर्यंत चालली आणि शेवटी उपासमारीमुळे कामगारांना मालकांच्या अटींवर परतावे लागले. अनेकांना परतायलाही काम उरले नव्हते. ज्या घरात चूल पेटण्याची शाश्वती नाही, त्या घरातला माणूस शनिवारी दुपारी तिकीट काढून सामना पाहील अशी अपेक्षा कोणी करू नये. तिकिटाचा किमान दर लीग ठरवत असे, त्यामुळे बेकारांसाठी दर हवा तेवढा खाली आणण्याची मोकळीकही क्लबला नव्हती.

याच काळात माणसे शहर सोडून जाऊ लागली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मर्थरमधून सुमारे 27,000 लोक बाहेर पडले असे मानले जाते. कामाच्या शोधात आधी निघतो तो तरुण माणूस, आणि फुटबॉलच्या मैदानावर गर्दी करणारा, तसेच मैदानात उतरून खेळणारा, हाच तरुण होता. संघात एखादा चांगला मुलगा तयार झाला की त्याला मोठ्या क्लबला विकण्यावाचून गत्यंतर नसे, त्यामुळे संघ दुबळा होई, दुबळ्या संघाला प्रेक्षक आणखी कमी येत, आणि पुढच्या मुलाला विकण्याची वेळ आणखी लवकर येई.

‘फेरनिवड’ म्हणजे काय, आणि तिचा या कथेशी काय संबंध?

त्या काळी तिसऱ्या विभागाखाली आपोआप घसरण होत नसे. दोन्ही भागांतल्या तळाच्या दोन संघांना वार्षिक सभेत पुन्हा सदस्यत्वासाठी अर्ज करावा लागे आणि लीगबाहेरचे इच्छुक क्लबही त्याच मतदानात उभे राहत. मतांचे वजन वरच्या दोन विभागांतील क्लबांकडे होते; तिसऱ्या विभागाचे क्लब हे केवळ सहसदस्य असल्यामुळे त्यांना सामूहिक अशी मोजकीच मते मिळत. साधारणतः जुन्या सदस्यांना सांभाळून घेण्याकडे कल असे, आणि मर्थरलाही 1925 मध्ये अशीच फेरनिवड मिळाली. पण ही मेहेरबानी होती, हक्क नव्हता. मतदार क्लबांना खेळाबरोबर प्रवासखर्च, प्रेक्षकसंख्या आणि बाजारपेठ हेही दिसत होते, आणि या तिन्ही बाबतींत कोळशाच्या खोऱ्यातला गरीब क्लब इंग्लंडमधल्या वाढत्या शहरांपुढे कमी पडणार हे उघड होते.

शेजारच्या ॲबरडेअरचे काय झाले?

ॲबरडेअर ॲथलेटिक हा डोंगरापलीकडच्या खोऱ्यातला संघ, मर्थरचा जवळचा प्रतिस्पर्धी. 1921 मध्ये लीगमध्ये आल्यावर पहिल्या हंगामात तो आठवा आला, 1923 मध्ये वेल्श कपच्या अंतिम सामन्यात कार्डिफ सिटीकडून 2–3 असा हरला, आणि 1926–27 मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्याच हंगामात, तळाला गेला. 1927 च्या सभेत त्याची जागा टॉर्की युनायटेडला देण्यात आली. बंद पडलेल्या खाणींच्या गावाऐवजी समुद्रकिनाऱ्यावरचे पर्यटनाचे गाव लीगमध्ये आले. त्या दशकात ब्रिटनमध्ये पैसा कोणत्या दिशेने वाहत होता हे या एका अदलाबदलीत दिसते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कार्डिफ सिटीने आर्सेनलला 1–0 ने हरवून एफए कप ही इंग्लंडची मुख्य बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली होती. वेल्श फुटबॉलचा कळस आणि त्याच्या पायाची पडझड यांच्यात काही आठवड्यांचेच अंतर होते.

1929–30 चा हंगाम इतका वाईट का ठरला?

42 सामने, 6 विजय, 9 बरोबरी, 27 पराभव. विजयाला दोन गुण या तेव्हाच्या हिशेबाने 21 गुण आणि शेवटचा, म्हणजे 22 वा क्रमांक. संघाने 60 गोल केले, पण 135 गोल खाल्ले. म्हणजे आघाडीच्या फळीत अजून काहीतरी धग होती आणि बचाव मात्र पूर्णपणे कोसळला होता. 10 एप्रिल 1930 रोजी न्यूपोर्ट काउंटीने मर्थरला 10–0 असे हरवले. न्यूपोर्टच्या लीग इतिहासातील सर्वांत मोठा विजय म्हणून त्या सामन्याची नोंद आहे.

मर्थरची जागा कोणाला मिळाली?

थेम्स या लंडनमधल्या, नुकत्याच स्थापन झालेल्या क्लबला. तळाच्या दोघांपैकी जिलिंगहॅमला फेरनिवड मिळाली आणि मर्थरला वगळण्यात आले. थेम्सचे मैदान प्रचंड होते, पण प्रेक्षक नव्हते: 6 डिसेंबर 1930 रोजी ल्यूटनविरुद्धच्या सामन्याला केवळ 469 लोक आले, आणि शनिवारी दुपारच्या लीग सामन्यातील नीचांक म्हणून तो आकडा दीर्घकाळ सांगितला गेला. दोनच हंगामांत थेम्सने लीग सोडली. मर्थरला वगळून लीगला काहीच मिळाले नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

न्यूपोर्ट काउंटीलाही 1931 मध्ये वगळण्यात आले होते, मात्र तो 1932 मध्ये परतला. मर्थरला परतणे जमले नाही.

1930 नंतर क्लबने काय केले?

तो सदर्न लीगमध्ये परत गेला आणि चार वर्षे तग धरून राहिला. पण 1930 मध्येच डाउलाइसच्या पोलाद कारखान्याचा बहुतांश भाग बंद झाला आणि शहरातील मोठा रोजगार गेला. 1934 साली क्लब विसर्जित झाला. शहराची अवस्था पुढेही बिघडतच गेली. नोव्हेंबर 1936 मध्ये राजा आठवा एडवर्ड डाउलाइसच्या ओसाड कारखान्यात आला तेव्हा हजारो बेकार माणसे त्याला पाहायला जमली होती, आणि 1939 मध्ये तर एका अभ्यासगटाने संपूर्ण शहरच उठवून दुसरीकडे वसवावे असे सुचवले. शहराचेच अस्तित्व ज्या काळात चर्चेचा विषय झाले होते, त्या काळात तेथला फुटबॉल क्लब टिकला नाही याचे आश्चर्य वाटू नये. आश्चर्य वाटावे ते तो 1934 पर्यंत टिकला याचे.

या क्लबमधून पुढे नावारूपाला आलेले खेळाडू कोण?

सर्वांत ठळक नाव डेव्हिड, म्हणजेच डाय, ॲस्टली यांचे. 1909 साली डाउलाइसमध्ये जन्मलेले ॲस्टली मर्थर टाउनकडून लीगमध्ये उतरले, 1928 मध्ये चार्ल्टन ॲथलेटिककडे गेले आणि तेथून ॲस्टन व्हिला, डर्बी काउंटी व ब्लॅकपूल असा त्यांचा प्रवास झाला. वेल्ससाठी 13 सामन्यांत 12 गोल ही त्यांची कामगिरी कोणत्याही काळात उत्तमच गणली जाईल. पुढे ते प्रशिक्षक झाले आणि इटलीत थेट इंटर मिलानचे प्रशिक्षकपदही त्यांनी सांभाळले. ज्या वयात ॲस्टलींना मर्थरने जपायला हवे होते त्याच वयात त्यांना विकावे लागले.

मर्थरमध्ये फुटबॉल पुन्हा केव्हा सुरू झाला?

दुसरे महायुद्ध संपताच, 1945 मध्ये, मर्थर टिडफिल हा नवा क्लब पेनीडॅरन पार्कवर उभा राहिला. त्याने 1948 ते 1954 या काळात सदर्न लीगचे विजेतेपद पाच वेळा मिळवले आणि 1949 व 1951 मध्ये वेल्श कप जिंकला. 1950 मध्ये फुटबॉल लीगने चार नव्या क्लबांना प्रवेश दिला, त्यांत मात्र त्या वर्षीचा सदर्न लीगचा विजेता असलेला मर्थर नव्हता. 1987 मध्ये तिसऱ्यांदा वेल्श कप जिंकल्यामुळे तो युरोपियन कप विनर्स कपमध्ये खेळला आणि पेनीडॅरन पार्कवर इटलीच्या अटलांटाला त्याने 2–1 असे हरवले. परतीचा सामना अटलांटाने 2–0 असा जिंकला आणि पुढे त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली.

आर्थिक अडचणींमुळे तोही क्लब 2010 मध्ये बंद पडला. त्यानंतर समर्थकांच्या मालकीचा क्लब जुने ‘मर्थर टाउन’ हे नाव घेऊन काही पायऱ्या खालून खेळू लागला आणि 2011 मध्ये पेनीडॅरन पार्कवर परतला. 2024–25 मध्ये सदर्न लीगच्या प्रीमियर विभागाचा दक्षिण गट जिंकून तो नॅशनल लीग नॉर्थमध्ये पोहोचला. तेथून फुटबॉल लीग दोन पायऱ्या वर आहे, आणि आता त्या पायऱ्या मतदानाने नव्हे, गुणांनी चढता येतात.